अठरा ते एक

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक जोडपं राहतं. ती माझी सातवीतली विद्यार्थिनी. तेव्हा ती खिडकीजवळच्या बाकावर बसायची, मधली सुट्टी झाली की सगळी पोरं दारातून ढकलाढकल करत बाहेर पडेपर्यंत जागेवरून हलायची नाही आणि शेवटी एकटी, अगदी निवांत, डबा घेऊन निघायची. "तुला भूक लागत नाही का गं?" असं मी एकदा विचारलं होतं. "लागते बाई, पण नळावर आता गर्दी असेल." आपण काय विशेष बोललो असं तिला वाटलं नव्हतं, आणि तेव्हा मलाही नव्हतं वाटलं.

मोठी झाल्यावर ती टेकडीवरच्या राजवाड्यात गाईड झाली. सव्वीस वर्षं तिने तेच काम केलं. तिथले पहारेकरी, फुगेवाले, बसवाले सगळे तिला 'मागल्या दारच्या ताई' म्हणायचे, म्हणून लिहिताना मीही तिला ताईच म्हणते. समोर असली की "अगं" म्हणते, कारण माझ्यासाठी ती अजून खिडकीजवळच्या बाकावरच आहे.

नाव ऐकून कुणाला वाटेल, बाई चिरीमिरी देऊन लोकांना आत सोडत असेल. तसं काही नव्हतं. राजवाड्यात अठरा दालनं आहेत. पुढचा दरवाजा पूर्वेला, तिथे नऊ वाजता तिकीटखिडकी उघडते आणि साडेनवाला बसगाड्या येऊन लागल्या की रांग टेकडीच्या निम्म्यापर्यंत खाली जाते. पश्चिमेला एक छोटं दार आहे. पूर्वी त्यातून लाकूडफाटा आत यायचा. ते दार साडेसातला उघडायचं आणि आदल्या दिवशी तिकीट काढलेल्या कुणालाही तिथून जायची मुभा होती. तसं फलकावर लिहिलेलंही होतं, फक्त फलक वाचायची तसदी कुणी घेत नव्हतं. ताईने तो वाचला.

मागल्या दारातून गेलं की पहिल्यांदा लागतं अठरावं दालन. मग सतरावं, मग सोळावं. ताई आपल्या आठ पाहुण्यांना घेऊन उलटी चालायची, अठरा ते एक. दहाच्या सुमाराला नवव्या दालनात समोरून पुढच्या दाराचा लोंढा यायचा. ती वाईट वीस मिनिटं असायची. नवव्या दालनात भिंतीत खोल शिरलेली एक दगडी खिडकी आहे, तिच्यात नऊ-दहा माणसं सहज मावतात. ताई सगळ्यांना त्या खिडकीत, पाठ दगडाला लावून, उभं करायची. लोंढा पुढून वाहून जायचा. मग उरलेली आठ दालनं रिकामी! पाहुणे घरी गेल्यावर लोकांना सांगायचे, "आम्ही गेलो तेव्हा तिथं चिटपाखरू नव्हतं." ऐकणाऱ्याला खोटं वाटायचं.

आणखीही बारीकसारीक गोष्टी तिला ठाऊक होत्या. आठवड्यातल्या कुठल्या वारी शाळांच्या सहली येतात, स्वच्छतागृह कुठलं धुतलेलं असतं, सकाळी पाणी किती प्यायचं म्हणजे अकराव्या दालनात पंचाईत होत नाही. हे सगळं ती पाहुण्यांना आदल्या संध्याकाळी फोनवर सांगायची. नवरा म्हणायचा, "ही लोकांना राजा दाखवायला नेते की ऑपरेशनला?"

नवरा शिंपी. फार सफाईदार हात होता त्याचा. माझ्या निवृत्तीच्या समारंभाचे कपडे त्यानेच शिवले होते. पाच वर्षांपूर्वी त्याचे हात थरथरायला लागले आणि शिवणयंत्रावर चादर पडली. तेव्हापासून घर ताईच्या बिल्ल्यावर चालत होतं. बिल्ला म्हणजे पितळेचा, छातीवर लावायचा, पर्यटन कार्यालयाचा परवाना. तो असेल तर राजवाड्यात तोंड उघडायचं, नसेल तर नाही.

आता तिची सांगण्याची पद्धत सांगते, कारण पुढचं सगळं त्या पद्धतीमुळे घडलं.

अठराव्या दालनात एक अरुंद खाट आहे. राजा तिच्यावर वारला. ताई पाहुण्यांना त्या खाटेपाशी उभं करायची आणि म्हणायची, "एवढ्या मोठ्या वाड्यात राजा इतक्या लहान खोलीत का मेला असेल?" बस, एवढंच. मग सतराव्या दालनात औषधांची पेटी, तिच्यातल्या निम्म्या बाटल्या न उघडलेल्या. "औषधं होती, पण घेतली का नाहीत?" सोळाव्यात मुलाचं पत्र. असं प्रत्येक दालन मागच्या दालनाच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं आणि जाता जाता नवा प्रश्न विचारायचं. असं करत करत माणसं पहिल्या दालनात पाळण्यापाशी येऊन थांबायची. मी तिच्या तोंडून ऐकूनच हे सांगते आहे. स्वतः मी राजवाडा पाहिलेलाच नव्हता म्हटलं तरी चालेल. शाळेची सहल घेऊन दोनदा गेले होते, पण दोन्ही वेळा मी चाळीस डोकी मोजत होते. राजाचं डोकं काही त्यांत नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी एक प्रवासी बाई ताईबरोबर फिरून गेली आणि तिने ते सगळं इंटरनेटवर लिहिलं. फार जिव्हाळ्याने लिहिलं होतं. पश्चिमेचं दार, साडेसातची वेळ, नवव्या दालनातली खिडकी, सगळं. ताईने मला ते तीनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर तिने फोन खाली ठेवला.

"बाई, कुणी माझ्याबद्दल लिहिलं नव्हतं हो कधी."

"प्रगतिपुस्तकात मी लिहिलं होतं की."

"तुम्ही लिहिलं होतं, 'मुलांत मिसळत नाही.'"

लिहिलं होतं खरं.

सहा महिन्यांत मागल्या दारी सकाळी सातला चाळीस माणसं उभी राहू लागली. वर्षभरात दोनशे. जो तो हातातला फोन पुढे करून पहारेकऱ्याला विचारायचा, "ते रिकामं दार कुठलं हो?" पहारेकरी बिचारा वीस वर्षं त्या दाराशी पेंगत आला होता. तो ताईला म्हणाला, "ताई, हे सगळे तुमचेच पाहुणे का? मग यांना सांगा, रिकामं दार आता पुढचं." दुसऱ्या गाईडांनीही उलट्या फेऱ्या सुरू केल्या. खिडकीसाठी भांडणं होऊ लागली. शेवटी एका सकाळी नवव्या दालनात दोन लोंढे समोरासमोर आले, काचेचं एक कपाट आडवं झालं आणि एका म्हाताऱ्या बाईंचं मनगट मोडलं. ताई त्या दिवशी तिथे नव्हती. पण तिला ते लागलं. "मी पंचवीस वर्षं त्या जागी कुणाला धक्का लागू दिला नाही," एवढंच ती म्हणाली आणि त्या संध्याकाळी जेवली नाही, असं नवऱ्याने मला जिन्यात सांगितलं.

महिन्याभरात मागलं दार बंद झालं. जमिनीवर पांढरे बाण रंगवले गेले, एक ते अठरा. ठरलेल्या वेळेचं तिकीट, एकाच दिशेने चालायचं. आणि सगळ्या गाईडांना पत्र आलं: नव्या मार्गावर प्रत्येकाची चाचणी होईल. पन्नास मिनिटांत, क्रमाने, अठरा दालनं दाखवायची. चाचणीसाठी दोन पाहुणे आपले आपण आणायचे. उत्तीर्ण होईल त्याच्याच बिल्ल्याचं नूतनीकरण. नापास होणाऱ्याला वर्षभर पुन्हा बसता येणार नाही.

पत्र आलं त्या संध्याकाळी ताई वर आली. छप्पन वर्षांची बाई, पण दारात अगदी वर्गाबाहेर उभी राहावी तशी उभी राहिली.

"बाई, मला सरळ बोलता येत नाही हो."

मला आधी हसू आलं. मग तिने पाळण्यापासून सुरुवात करून दाखवली. "हा पाळणा. ज्या राजाला आपण आत्ता मरताना पाहिलं..." आणि थांबली. पुन्हा सुरुवात केली. "या पाळण्यात जो जन्मला, तो पुढे... नाही, मागे... बाई, पाळण्यापाशी मी प्रश्न काय विचारू? 'हा मोठा होऊन कसा मरेल' असं?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, हे काही पाढा उलटा म्हणायचं काम नव्हतं. तिची सगळी वाक्यं एकमेकांत अडकलेली होती. आधी उत्तर दाखवलं तर प्रश्न कुणाला पडणार? आणि जुनी गोष्ट रचायला सव्वीस वर्षं लागली होती, नवीनसाठी हाती होते एकवीस दिवस. शेवटी मी मास्तरणीसारखाच मार्ग काढला. कार्यालयाचं माहितीपत्रक आणलं आणि तिला म्हटलं, "गोष्ट बाजूला ठेव. पाठ कर."

"पाठच करू?"

"परीक्षा आहे. परीक्षेत असंच करतात."

हे सांगताना मला फार बरं वाटलं नाही, पण सांगितलं.

मग आम्ही सराव सुरू केला. माझ्या दोन खोल्या, जिना आणि त्यांच्या दोन खोल्या मिळून अठरा दालनं केली. स्वयंपाकघर एक, बाल्कनी चार, जिन्याचं वळण नऊ, त्यांच्या न्हाणीघराचं दार अठरा. नवरा पाहुणा व्हायचा. माझे गुडघे दुखत असल्याने मी खुर्चीवर बसलेली पाहुणी. पाठांतर तिला जमलं. तिची स्मरणशक्ती चांगलीच होती. गाडं अडलं ते भलतीकडेच.

"तुमच्या उजव्या हाताला राज्याभिषेकाचं सिंहासन," असं म्हणून तिने डावीकडे हात केला.

"उजवीकडे बाईंचा फ्रिज आहे," नवरा म्हणाला.

सव्वीस वर्षं उलट्या दिशेने आत शिरल्यामुळे तिच्या देहात प्रत्येक वस्तू दुसऱ्या हाताला बसली होती. डोळे मिटले की सिंहासन डावीकडेच दिसायचं. तोंडाने सुधारलं तरी पाय चुकायचे. दारातून बाहेर पडताना ती हटकून नको त्या बाजूला वळायची. आम्ही तिला सांगायचो, ती मान हलवायची, आणि पुन्हा तेच. पालथ्या घड्यावर पाणी. नवरा एकदा वैतागून म्हणाला, "अगं, तीस वर्षं मी तुझ्या मागून चालतोय, पण तू मला असं गोल गोल कधी फिरवलं नव्हतंस."

"मग पुढं चाला की एक दिवस."

"रस्ता कोण दाखवणार?"

हसायचे दोघं. पण दोघांच्या हसण्यात दम नव्हता. रात्री साडेनऊला ती खाली जायची तेव्हा कठड्याला धरून एकेक पायरी उतरायची. दिवसा रांगेतली कामं चालूच होती. नव्या नियमाने पाहुण्यांबरोबर गाईडनेही रांगेत उभं राहायचं होतं. एका फेरीला दोन-दोन तास उन्हात. "पाय दुखतात ते एक," ती म्हणायची, "पण बाई, रांगेत माणसं माझ्याकडे बघतात. मी यासाठी पैसे घेतले असं त्यांना वाटतं."

चाचणीच्या दिवशी आम्ही तिघं सकाळी पावणेनवाला टेकडीवर पोचलो. तिकिटावर वेळ होती नऊ वाजून दहा मिनिटांची, पण आत शिरायला साडेदहा वाजले. पिशव्या तपासायची एक रांग, तिकीट दाखवायची दुसरी, आणि तिसरी कशाची होती ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. पुढच्या माणसाची पाठ मी इतका वेळ पाहिली की त्याच्या सदऱ्याचे टाके मला अजून सांगता येतील. ताईचा नवरा शिंपीच, तो म्हणाला, "कॉलर उलटी लावलीय." ताईने त्याला गप्प केलं. ती ओठ हलवत होती, पाळणा, पाटी, तलवार, सिंहासन.

परीक्षा घ्यायला आलेले साहेब तिशीतले होते. शांत बोलणारे, घसा बसलेला, सारखी गोळी चघळत होते. हातात पुठ्ठ्याला लावलेला कागद आणि घड्याळ. "मॅडम, घाबरू नका," म्हणाले. "तुमच्याबद्दल ऐकून आहे." ते चांगल्या अर्थाने म्हणाले की कसं, ते तिला कळेना. तिने माझ्याकडे पाहिलं. मी वर्गात हलवायचे तशी मान हलवली.

पहिली आठ दालनं तिने बिनचूक सांगितली. जन्मसाल, वजन, लाकूड कुठलं, कोरीवकाम कुणाचं. डावं डावीकडे, उजवं उजवीकडे. मी एका कानाने ऐकत होते, आणि खरं सांगायचं तर मला कंटाळा येत होता. साहेब खुणा करत होते. माझ्या मनात आलं, पोरगी निघाली पार.

नवव्या दालनात आम्ही पोचलो तेवढ्यात मागून गलका आला. मला तो आधी ऐकू आलाच नाही. ताईला आला. तिची मान वळली, नाकपुड्या फुलल्या. एका बसगाडीची साठेक माणसं, पुढे एक झेंडेवाला, आणि नवव्याचं दार अरुंद. ताईचं बोलणं अर्ध्या वाक्यात तुटलं.

"अहो, इकडे या. बाई, खिडकीत. पाठ भिंतीला लावा. साहेब, तुम्हीसुद्धा."

साहेब म्हणाले, "मॅडम, थांबायचं नाहीये..."

"आधी खिडकीत या, मग बोला."

आणि ते आले! तो आवाज तसा होता. मी पस्तीस वर्षं शिकवलं, मला असा आवाज चार-दोनदाच लागला असेल. जाता जाता तिने एक लेकुरवाळी बाई आत ओढली, एका म्हाताऱ्या जोडप्याला हाताला धरून कोपऱ्यात घातलं, झेंडेवाल्याला हात करून सांगितलं, "दोन-दोन करून, कपाटाच्या पलीकडून." साठ माणसं आमच्यासमोरून गेली. कुणाचा कुणाला खांदा लागला नाही. त्या खिडकीतून खालचं गाव दिसत होतं, आमच्या इमारतीची गच्चीसुद्धा. जन्म गेला या गावात, पण तिथून ते मी पहिल्यांदाच पाहत होते. त्या झेंड्यामागून दुसरी बस, मग तिसरी. सोळा मिनिटं गेली.

लोंढा ओसरला. ताईने सवयीने एक श्वास सोडला, सवयीनेच म्हणाली, "चला, आता पुढची सगळी दालनं आपलीच," आणि ताठ मानेने निघाली. मी तिच्या मागे, तिचा नवरा माझ्या मागे. किती बरं वाटलं मला, कारण तिच्या आवाजात ती होती. "आता बघा हं," ती म्हणत होती, "जो माणूस मुलाच्या पत्राला उत्तर देत नाही, त्याने स्वतःच्या बापाला काय लिहिलं होतं?" दाराबाहेर दहा-बारा पावलं गेलो. समोरून माणसं आमच्या अंगावर येत होती. एक जण म्हणाला, "ओ मावशी, बाण दिसत नाही का?"

मी हळूच म्हटलं, "अगं, आठ झालं आपलं."

ती थांबली. तिने खाली पाहिलं. पांढरा बाण तिच्या बुटांच्या टोकांकडे रोखलेला होता. मागे साहेब दारातच, तिथल्या बाणावर उभे होते.

वर्गात फळ्यापाशी बोलावलेलं मूल उत्तर विसरलं की त्याच्या चेहऱ्यावर आधी काहीच नसतं. नंतर सगळं एकदम येतं. तिचं तसं झालं. पण ती रडली वगैरे नाही. "चुकलं," म्हणाली, आणि वळली.

उरलेली दालनं तिने सांगितली, पण पाठ केलेलं पार विस्कटलं होतं. माहितीपत्रकातलं सांगायला जायची, मधेच तिचा जुना प्रश्न तोंडात यायचा, तो विचारावा तर उत्तर आधीच होऊन गेलेलं.  चौदाव्यात फक्त "हे नकाशे," म्हणाली. साहेबांनी खुणा करायचं थांबवलं होतं. अठराव्या दालनात पोचलो तेव्हा आमच्यात कुणाच्याच पायात त्राण नव्हतं. भोवतीची माणसंही तशीच, खाटेकडे एक नजर टाकून बाहेरच्या दुकानाकडे आणि सावलीकडे सरकत होती. ताई खाटेशी उभी राहिली. मला वाटलं, आता ती काही तरी बोलेल. "या खाटेवर राजा वारला," ती म्हणाली. "झालं."

एकाहत्तर मिनिटं.

निकाल तिथेच, अंगणातल्या कार्यालयात सांगायचे. लोखंडी कपाट, दोन टेबलं, भिंतीवर राजवाड्याचाच फोटो. साहेबांनी आम्हालाही बसवलं. पाणी दिलं. कागद उलटा करून ठेवला, मग पुन्हा सुलटा केला.

"मॅडम, बिल्ल्याचं मला काही करता येणार नाही. वेळ गेली आणि बाणाच्या उलट चाललात. मी कानाडोळा केला तरी वरचे बघतील."

"हो," ताई म्हणाली.

"पण नवव्या दालनात मला माणूस हवाय. तीन जण ठेवून पाहिले, रोज तुंबतं. आज सोळा मिनिटांत तीन बसगाड्यांची माणसं गेली आणि एक काच हलली नाही. दालन सहायक म्हणून घेतो तुम्हाला. पगार महिन्याचा. फेऱ्या मिळाल्या, नाही मिळाल्या, प्रश्न नाही."

"काम काय?"

"तिथे थांबायचं. 'पुढे चला, दोन-दोन करून, बाण बघा.'"

"एवढंच?"

"एवढंच."

"आणि कुणी विचारलं, हे काय, ते काय, तर?"

साहेबांनी घसा साफ केला. "सांगायला परवाना लागतो ना मॅडम."

ताईने नवऱ्याकडे पाहिलं. तो हात मांडीखाली दाबून बसला होता. "तू म्हणशील तसं," तो म्हणाला. मग, "नको वाटत असेल तर नको. बघू काहीतरी." काय बघणार होता, ते आम्हा तिघांनाही माहीत होतं.

मला वाटत होतं, तिने नाही म्हणावं. शिक्षकाला आपल्या विद्यार्थ्यांबद्दल असं काहीबाही वाटत असतं, त्यात खर्च दुसऱ्याचा असतो. 

तिने बिल्ला काढून टेबलावर ठेवला. पिन उघडी राहिली होती, ती लावली. मग विचारलं, "खुर्ची मिळेल?"

"कसली खुर्ची?"

"बसायची. नवव्या दालनात."

"दालनात सहायकांना खुर्चीची तरतूद नाहीये."

"मग करा. आठ तास उभी राहून मीच कपाटावर आडवी झाले, तर लोकांना 'पुढे चला' कोण म्हणणार? साठ माणसं माझ्यावरून जातील, दोन-दोन करून."

साहेब हसले आणि खोकले. "अर्ज द्या."

"आत्ता देते. कागद आहे?"

अर्ज मी लिहिला. अक्षर माझं बरं आहे अजून. तिने सही केली. खुर्ची यायला सात आठवडे लागले. ती आली ती शाळेतल्यासारखी, लाकडी आणि बिनहाताची. पण आली.

याला आता वर्ष होत आलं. ती साडेआठला जाते, सहाला येते. आल्यावर कधी कधी आमच्या जिन्याच्या खालच्या पायरीवरच बसते, बूट काढते, आणि घरात जायला तिला दहा मिनिटं लागतात. मी भाजी आणायला उतरले की शेजारी टेकते. बोलण्यासारखं तिच्याकडे फार नसतं. आज किती बसगाड्या आल्या, कुणाला चक्कर आली. आवाज बसलेला असतो. सगळ्या दिवसात तीच तीन वाक्यं, पण हजारदा. तिच्या वेळी कुणाला काही लागल्याचं मात्र अजून ऐकलं नाही.

मध्ये तिने सांगितलं, एका मुलीने विचारलं, राजाला किती मुलं होती. ताई म्हणाली, "पुढे गाईड सांगतील." मुलीबरोबर गाईड नव्हता. मुलगी बाण बघत गेली.

"सांगायचं होतंस हळूच," मी म्हटलं. "कोण ऐकतंय?"

"मागे शंभर माणसं असतात बाई. एक थांबला की सगळे थांबतात."

"तुला नाही वाटत सांगावंसं?"

तिने तळपाय चोळले.  "पहिले दोन महिने वाटायचं. आता संध्याकाळपर्यंत काहीच वाटत नाही. बरं असतं ते."

आतून नवऱ्याने हाक मारली, पाणी तापलंय म्हणून. ती कठड्याला धरून उठली, बूट हातात घेतले. "उद्या शाळा आहेत," ती मला म्हणाली, "चार शाळा, एकदम," आणि आत गेली.